लेपाची किंमत आणि दृष्टीचे मोल

गिरणगावातील एका जुन्या कामगाराबरोबर मध्यंतरी एका खाजगी नेत्ररुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. १९८२ च्या संपात ऐन उमेदीतली नोकरी गमावलेला हा गृहस्थ. आता सत्तरी ओलांडलेली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तपासणी झाल्यावर आमच्याशी व्यवहाराचे बोलायला डॉक्टर आले नाहीत. टेबलामागे बसलेल्या एका तरुण 'समुपदेशका'ने छापील दरपत्रक पुढे सरकवले. त्यात तीन रकाने होते : साधे भिंग, घडी होणारे भिंग आणि 'विशेष लेपाचे आयात भिंग'. पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात जाताना आकडा पाचपटीहून अधिक फुगला होता. हा लेप कशाचा, तो काय करतो, साध्या भिंगात नेमके उणे काय, असे आम्ही विचारले. त्या तरुणापाशी एकच उत्तर होते : "क्वालिटीचा फरक आहे, सर." बाहेर पडल्यावर जिना उतरता उतरता त्या कामगाराने हलक्या आवाजात विचारले, "भाऊ, साधं भिंग घातलं तर डोळा परत जाईल का हो?"

हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उगवलेला नव्हता. तो त्या दरपत्रकाने पेरला होता. आंधळा होण्याचे भय हे त्या दुकानाचे खरे भांडवल आहे आणि डोळ्यांना न दिसणारा, काही मायक्रॉन जाडीचा लेप हे त्या भांडवलावर व्याज वसूल करण्याचे साधन आहे. या कामगाराला उत्तर देणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. परंतु 'सगळी लूट आहे' एवढे म्हणून ते उत्तर पूर्ण होत नाही. विज्ञान काय सांगते आणि बाजार त्याचे काय करतो, हे आपण वेगळे करून दाखवले नाही, तर लोक आपल्या घोषणा ऐकतील आणि भीतीपोटी पैसे मात्र तिसऱ्या रकान्यात भरतील.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पृष्ठभागावरील लेप ही थाप नव्हे. शरीरात एखादी परकी वस्तू बसवली की शरीराची गाठ पडते ती त्या वस्तूच्या पृष्ठभागाशी. नळी आतून किती भक्कम आहे याच्याशी रक्ताला कर्तव्य नसते. तिचा पृष्ठभाग रक्ताला मानवला नाही, तर तेथे गुठळी धरू लागते. रक्तवाहिनीतून सरकवायच्या कॅथेटरवर पाणी शोषून बुळबुळीत होणाऱ्या पॉलिमरचा थर दिला, की तो वाहिनीचे अस्तर न खरवडता पुढे जातो. हृदयाच्या रोहिणीत बसवायच्या स्टेंटवर औषध धरून ठेवणारा पॉलिमरचा थर असला, की ते औषध हळूहळू झिरपते आणि वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटते. डोळ्यातील भिंगावर हेपॅरिनचा थर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात आली. त्या थरामुळे दाहक पेशी भिंगाला कमी चिकटतात, असे आढळले. हे सारे खरे आहे. ते नाकारणारा समाजवाद अडाणी ठरेल.

डोळ्यातील भिंगाचा इतिहासही हेच सांगतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या छताचे तुकडे घुसलेले असत. ते ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षे निमूट पडून राहतात, हे रिडली यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या, अधिक शुद्ध प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी करवून घेतले. आरंभीच्या काही डोळ्यांत तीव्र दाह झाला. त्याचे एक कारण पुढे उमगले : भिंग निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या सेट्रिमाइड या रसायनाचे अंश त्यावर राहून जात होते. मूळ पदार्थ निर्दोष होता आणि घात केला पृष्ठभागाने. तेव्हा पृष्ठभागाचे शास्त्र म्हणजे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. ते रोग्याच्या जिवाशी निगडित आहे, म्हणूनच ते बाजाराच्या मर्जीवर सोडता येत नाही.

आणि या रिडली यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. बड्या नेत्रवैद्यांचा उपहास आणि विरोध त्यांनी अनेक वर्षे सोसला. पण जगातील कोट्यवधी डोळ्यांवर हक्क सांगण्याचा मोह त्यांना झाला नाही. 'नफ्याच्या आशेवाचून शोध लागत नाहीत' असे उठताबसता सांगणाऱ्या अर्थपंडितांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जाताना ही गोष्ट आठवावी.

स्टेंटवरील औषधाचीही कुळकथा अशीच आहे. १९६४ साली कॅनडातून गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेने पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून सिरोलिमस हे औषध निघाले आणि भारतात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल या शास्त्रज्ञाने त्याच्या अभ्यासात आयुष्य वेचले. पुढे तेच औषध पॉलिमरच्या थरात बसवून स्टेंटवर चढवले गेले. बेटाची माती, शास्त्रज्ञाचे श्रम, विद्यापीठांतील रसायनशास्त्र, शेकडो रुग्णालयांतील रोग्यांनी चाचण्यांसाठी दिलेली शरीरे, एवढ्या सगळ्यांच्या सामाईक पुंजीतून तो थर तयार झाला. शेवटच्या टप्प्यावर त्याला वेष्टन चढवणारा मात्र सगळ्याचा धनी होतो.

आता बाजाराची करामत पाहा. मोतीबिंदू काढल्यानंतर काही रोग्यांच्या डोळ्यांत भिंगामागील पातळ पडदा पुन्हा धूसर होतो. १९९० च्या दशकात घडी होणारी ॲक्रिलिक भिंगे बाजारात आली. त्यांच्यात हे धूसरपण कमी येते असे दिसले आणि त्याचे श्रेय त्या नव्या, महाग पदार्थाला मिळाले. जपानमधील नेत्रतज्ज्ञ ओकिहिरो निशी यांनी या श्रेयाची पारख केली. त्याच पदार्थाच्या भिंगाची चौकोनी, धारदार कड त्यांनी गोल करून पाहिली, तेव्हा धूसरपण रोखण्याचा गुण बराचसा नाहीसा झाला! म्हणजे मोठे काम करीत होती ती कड. आणि तशी कड घालायला काही दैवी पदार्थ लागत नाही. साध्या, कठीण ॲक्रिलिकच्या स्वस्त भिंगालाही ती देता येते आणि पुढे दिलीही गेली. आमच्या त्या दरपत्रकात कडेला रकाना नव्हता. असणार कसा? कडेचे गूढ वाढवता येत नाही, लेपाचे वाढवता येते.

मग त्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर काय? ते देण्यासाठी परदेशी जायला नको. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. एक पद्धत यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याची, म्हणजे फेको. दुसरी यंत्राविना, हाताने लहान छेदातून काढण्याची. तिचे सहा आठवड्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवायच्या दृष्टीत फेकोचे पारडे काहीसे जड होते; योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही गटांत फरक उरला नाही. नेपाळमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच तुलनेत दोन्ही पद्धतींचे फळ उत्तम ठरले आणि हाताची पद्धत अधिक जलद व कमी खर्चाची निघाली. तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. निगुतीने केलेल्या शस्त्रक्रियेत चांगल्या प्रतीचे साधे भिंग बसवले, तर ते साधे आहे म्हणून डोळा जात नाही.

येथे आपल्यापैकी काहींना होणारा एक मोह टाळला पाहिजे. 'गरिबाला साधे भिंग पुरे' असे आपण म्हणू लागलो, तर आपणही एक नवी वर्णव्यवस्थाच मांडू : वरच्यांना घडीचे भिंग, खालच्यांना कठीण. घडी होणाऱ्या भिंगाला छेद लहान लागतो, रोगी लवकर कामाला लागतो. रोजंदारीवरील बाईला किंवा शिवणकाम करणाऱ्याला ही सोय मलबार हिलवरील पेन्शनरापेक्षा अधिक गरजेची आहे. आपली मागणी काटकसरीची नाही. जे सिद्ध झाले आहे ते सर्वांना मिळावे आणि जे सिद्ध झालेले नाही त्यासाठी कोणाच्याही खिशात हात घालू नये, एवढीच ती आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : किमती बांधल्या की संशोधन मरते, कंपन्या देश सोडून जातात आणि रोगी उत्तम साधनांना मुकतो. या आक्षेपाची परीक्षा आपल्या देशात झाली आहे. औषधी थराच्या स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात गेली होती आणि या साखळीत सर्वांत मोठा वाटा उत्पादकाचा नव्हता, रुग्णालयांचा होता. काही ठिकाणी तो ६५० टक्क्यांच्या पुढे होता, हे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानेच उघड केले. न्यायालयात जनहित याचिका गेल्यावर स्टेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत झाला आणि १३ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशाने औषधी थराच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरली. तत्काळ आकांत झाला. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले 'अत्याधुनिक' स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली.

त्या अत्याधुनिकांपैकी एकाची कथा कार्यकर्त्यांनी पाठच करून ठेवावी. तो होता पॉलिमरचाच, शरीरात विरघळून जाणारा स्टेंट. अमेरिकेत मंजुरी मिळण्याच्या कितीतरी आधी तो आपल्याकडे विकला जात होता आणि त्याची किंमत दीड लाख रुपयांच्या वर होती. त्याला धातूच्या स्टेंटएवढीच किंमत लावली म्हणून केवढा गहजब झाला! परंतु याच सुमारास दीर्घ मुदतीच्या चाचण्यांतून असे दिसून आले की, धातूच्या औषधी स्टेंटपेक्षा या स्टेंटमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण अधिक आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच त्याची विक्री जगभर थांबवली. आपल्या नोकरशाहीने त्याला अधिक किंमत नाकारून रोग्याचे नुकसान केले, की ज्यांनी तो 'उद्याचे तंत्र' म्हणून लाखोंना विकला त्यांनी? नवे म्हणजे चांगले आणि महाग म्हणजे नवे, या दोन समीकरणांवर हा सारा व्यापार उभा आहे. त्यांपैकी एकही समीकरण विज्ञानाचे नाही.

उलट, किंमत खाली ठेवूनही उत्तम वस्तू निर्माण होते याची साक्ष मदुराई देते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब ही भिंगांची निर्मितिशाळा काढली. त्या वेळी आयात भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडे. मदुराईच्या भिंगाने ती किंमत दहा डॉलरपर्यंत आणि पुढे त्याहूनही खाली आणली. ही भिंगे आज जगातील अनेक देशांत जातात. फ्रेड हॉलोज या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाच्या प्रेरणेने एरिट्रियातील अस्मारा आणि नेपाळमधील काठमांडू येथेही १९९० च्या दशकात भिंगांच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ज्या देशाने नुकतेच तीस वर्षांचे स्वातंत्र्ययुद्ध संपवले होते, तो देश डोळ्यातील भिंग बनवू शकला!

सार्वजनिक क्षेत्राला नावे ठेवणाऱ्यांनी तिरुवनंतपुरमला जावे. तेथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. आधीचे नमुने एकामागून एक अपयशी ठरले. नफ्याचा हिशेब करणाऱ्या कारखान्याने तो उद्योग दुसऱ्याच वर्षी बंद केला असता. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने तो चिकाटीने चालवला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिली झडप एका रोग्याच्या हृदयात बसवली गेली. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची चकती असलेली ही झडप परदेशी झडपेच्या कितीतरी कमी किमतीत मिळू लागली. याच संस्थेने रक्तपिशवीचे देशी तंत्रही दिले. पॉलिमर, रक्त आणि धातू यांचे नाते उलगडण्याचे हे कष्टाचे काम सार्वजनिक पैशाने झाले, हे विसरून कसे चालेल?

तथापि स्वस्ताईच्या गौरवात आपण दुसरे सत्य झाकता कामा नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरॉलने चौदा रोग्यांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध खरेदी व तपासणीतील सडलेली व्यवस्था चव्हाट्यावर आणली. मरणारे कोण होते? सरकारी रुग्णालयात येणारी साधी माणसे. साधनांच्या बाबतीतही धोका कमी नाही. कॅथेटरवरील बुळबुळीत थराचे पापुद्रे सुटून रक्तात वाहून जाऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये दिला. नव्या साधनांविषयी हे म्हणावे लागते. मग एकदाच वापरायची नळी धुऊन पुन्हा वापरली, तर तिच्या थराचे काय होत असेल? या शतकाच्या आरंभी एका बड्या परदेशी कंपनीची भिंगे डोळ्यात बसवल्यावर काही काळाने चुनखडीसारखी पांढरी पडू लागली. वेष्टनाच्या रबरी झाकणातील सिलिकॉन भिंगाच्या पृष्ठभागावर उतरत होते, हे शोधाअंती कळले. म्हणजे महागडे नाव हीही हमी नव्हे. हमी देते ती तपासणी, नोंद आणि जबाबदारी. किंमत बांधणे आणि प्रत तपासणे ही एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत. एक काढले तर गाडी रोग्याच्याच अंगावर कलंडेल.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली मागणी किमतीची. स्टेंटला जो न्याय लावला तोच डोळ्यातील भिंगाला, कॅथेटरला आणि शरीरात बसवायच्या प्रत्येक साधनाला लावावा. कमाल किमतीच्या यादीत नसलेल्या साधनांच्या छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढेच आजचे बंधन आहे. मूळ छापील किंमत किती असावी, यावर बंधन नाही. चोराला घरात घेऊन मग जिन्यावर पहारा बसवण्यासारखे हे आहे. कारखान्यातील मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीच्या पुढे जाऊ नये, अशी मागणी डॉ. लोहियांनी केली होती. डोळ्याच्या भिंगाइतकी ती दुसऱ्या कशाला लागू पडेल?

दुसरी मागणी भाषेची. १९७५ च्या हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावे वापरावीत, असे सुचवले होते. तेच येथे हवे. भिंग कोणत्या पदार्थाचे, कड कशी, लेप आहे काय, असल्यास कशाचा आणि त्याचा फायदा कोणत्या चाचणीत दिसला, हे दरपत्रकावर मराठीत छापणे सक्तीचे करावे. 'विशेष', 'प्रीमियम' आणि 'क्वालिटी' हे शब्द तेथून हद्दपार व्हावेत.

तिसरी मागणी निर्मितीची. सार्वजनिक पैशातून निघालेले तंत्र खाजगी कारखान्यास देताना विक्री-किमतीची अट करारातच घालावी. डोळ्यातील भिंगे, रक्तनळ्या आणि त्यांवरील थर यांच्या संशोधनासाठी श्रीचित्रासारख्या संस्था इतरत्रही उभाराव्यात. महाराष्ट्राला त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांची वाण नाही, वाण आहे ती राजकीय इच्छेची. चौथी मागणी नोंदीची. शरीरात बसवलेल्या साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी मोतीबिंदू काढलेल्या किती म्हाताऱ्यांना त्याची वार्ता आहे? कोणते भिंग, कोणत्या तुकडीतले, कोणत्या दिवशी बसवले, याचे कार्ड प्रत्येकाच्या हाती पडले पाहिजे. ते नसेल तर उद्या भिंग बिघडल्यावर दोष रोग्याच्या नशिबाला दिला जाईल.

या मागण्या मंत्रालयात जातील तेव्हा जातील. कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येईल असे काम आहे. आपापल्या गावातील रुग्णालयांची दरपत्रके मागा, शेजारी शेजारी लावा, एकाच भिंगाच्या किमतींतील तफावत सभेत वाचून दाखवा. शिबिरात भिंगाचे वेष्टन पाहायला मागा, त्यावरील मुदत वाचा. रोग्याबरोबर एकाने तरी जा. दरपत्रकापुढे एकटा बसलेला माणूस गिऱ्हाईक असतो; त्याच्या शेजारी कोणी बसले की तो नागरिक होतो.

त्या कामगाराने पुढे सरकारी रुग्णालयात एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. भिंग साधे. महिन्याभराने पक्षाच्या कचेरीत आला तेव्हा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसला होता. म्हणाला, "भाऊ, तो तीन रकान्यांचा कागद ठेवलाय ना? आणा इकडे, आता मीच वाचतो. आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्या पोराला मीच प्रश्न विचारतो."